कंदील तळाला टेकला पाहिजे

“आधी कंदील, मग माणूस. आन् कंदील तळाला टेकला पाहिजे. टेकला न्हाय, तर माणूस उतरायचा न्हाय. ध्यानात ठिवा.”

हा आवाज माणिकप्पांचा. ते जाऊन नऊ वर्षं झाली, पण माझी काच कुणी पुसायला घेतली की तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. पत्र्याचा, एके काळी निळ्या रंगाचा. माझी टाकी पोचलेली आहे, दांडी एका बाजूला वाकली आहे, काच मात्र अगदी नवी आहे. ती नवी का, हे सांगण्यासाठीच आज बोलतो आहे. गोष्ट थोडी भीतीची आहे. ऐकताना कुणाचा तरी हात धरून बसलात तरी चालेल. मला हात असते, तर त्या दिवशी मीही कुणाचा तरी धरला असता.

माझा जन्म सोलापूरच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथून मी अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत विकायला आलो. माणिकप्पांनी मला हलवून पाहिलं, चावी फिरवून वात वरखाली केली आणि घेतलं. त्यांच्या बोटांचा भंडारा माझ्या टाकीला लागला. मी खूश झालो. वाटलं, आता कुणाच्या तरी घरात उजेड द्यायचा, पोरांनी माझ्याभोवती बसून पाढे म्हणायचे.

पण त्यांच्या घरात वीज होती. माझं काम वेगळंच होतं.

तुम्ही पेव पाहिलं आहे का? आमच्या भागात पूर्वी ज्वारी जमिनीखाली ठेवत. तोंड लहान, एक माणूस कसाबसा जाईल एवढं, आणि आत मोठ्या रांजणासारखी फुगलेली खोली. कडेनं कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून माती लिंपायची. दाणा वर्षानुवर्षं टिकतो. पण आतली हवा मरते. बंद पेव उघडून जो लगेच आत उतरला, तो परत येत नाही. म्हणून पेव एक दिवस उघडं ठेवायचं, मग दोराला बांधून कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणसानं उतरायचं. विझला तर दगड लावून घरी जायचं.

गावातल्या म्हाताऱ्या बायका याहून वेगळं सांगत. त्या म्हणत, पेवात हवा मरत नाही, पेवात ‘खालची’ राहते. दाण्याच्याही खाली. तिला पाय नाहीत, म्हणून ती वर येत नाही. जो आपल्या पायांनी उतरेल त्याला ती ठेवून घेते आणि त्याच्याच आवाजात दुसऱ्याला हाक मारते. मला तेव्हा ती भीती घालायची गोष्ट वाटायची.

माणिकप्पांच्या दारातलं पेव पंधरा हात खोल. माझा दोरही पंधरा हातांचा. गावात कुणाचंही पेव उघडायचं असलं की निरोप यायचा, “माणिकप्पांचा कंदील द्या.” मी जायचो, तळाला टेकायचो, सांगायचो. माझं कधी चुकलं नाही. लक्ष्मम्मा, म्हणजे माणिकप्पांच्या घरच्या, मी परतलो की राखेनं काच घासत आणि मला देवळीत ठेवत. इतका मान कुठल्या कंदिलाला मिळाला असेल?

मग तो अकरा वर्षांपूर्वीचा दिवस आला.

माणिकप्पांना दोन मुलगे. थोरला सिद्धाराम, धाकटा महांतेश. सिद्धारामची मुलगी शिवप्रिया तेव्हा रांगत होती. त्या दिवशी माणिकप्पा परगावी गेले होते, आणि भावांनी घरच्या पेवातून ज्वारी काढायला घेतली. महांतेश मला दोराला बांधत होता. सिद्धाराम हसून म्हणाला, “उरक की लेका. अप्पाचा कंदील म्हंजे तलाठी झालाय. त्येच्या सहीबिगर कुणी खाली जायचं न्हाय.”

“मोबाईलला बॅटरी हाय की तुझ्या. ती घेऊन जा.”

“बॅटरी काय, कुठंबी जळती. तिला कुठं श्वास लागतो?”

सिद्धारामला एवढं ठाऊक होतं. मला श्वास लागतो, म्हणून तर मला माणसाचं कळतं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

मी खाली सरकलो. पाच हात, सात हात, नऊ हात. आणि थांबलो. तळ अजून दिसत नव्हता. मी स्वच्छ जळत होतो, कारण तिथपर्यंत हवा बरी होती. दोर पुढं सुटेना. मग मला वर ओढलं.

“जळतोय, दादा. उतर.”

सिद्धाराम उतरला. थोड्या वेळानं आतून आईला मारलेली एकच हाक आली, “अव्वाऽ!” मग काहीच नाही.

लोक जमले, दुसऱ्या दिवशी माणसं उतरली. खाली ज्वारी होती. सिद्धाराम नव्हता. दाणा न् दाणा उपसला. पंचनामा झाला, कागद झाले, माणूस मिळाला नाही. माणिकप्पा परत आले. त्यांनी काही विचारलं नाही. मला उचललं आणि गोठ्याच्या भिंतीवर फेकलं.

“खोटारडा!”

माझी दांडी वाकली ती तेव्हा. दोन वर्षांनी ते गेले, पण जाईपर्यंत माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. गावात माझं नाव पडलं, खोटा कंदील. पेवावर दगड बसला. गोठ्याच्या खुंटीवर माझ्यात कोळ्यांनी जाळी केली.

दोर नऊच हात होता, हे मला माहीत होतं. महांतेशलाही. पण मी बोलू शकत नव्हतो आणि तो बोलला नाही.

मला खुंटीवरून काढलं लक्ष्मम्मांनी. आदल्या जन्मीचं काही देणं असल्यासारखं त्यांनी एक व्रत धरलं. रोज दिवेलागणीला मला पुसायचं, पेटवायचं, पेवाच्या दगडावर ठेवायचं आणि मगच घास घ्यायचा. रेशनचं रॉकेल बंद झालं, तेव्हा त्या महांतेशकडून ट्रॅक्टरचं डिझेल मागून घेऊ लागल्या. माझी काच काळी व्हायची. त्या पुन्हा पुसायच्या. पुसता पुसता एकदा हळूच म्हणाल्या, “तुला खोटा म्हणत्यात. मला कुणीच काय म्हणत न्हाय.”

त्यांचं दुसरं व्रत फार जुनं. सकाळ, दुपार, संध्याकाळ गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायचं. पूजा पुरी होईपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून एकदाही मोडलं नव्हतं. त्या दिवशी सिद्धारामची हाक आली, तेव्हा त्या दुपारच्या पूजेत होत्या. हाक ऐकली. वाटलं, पोरगं दोर मागत असेल. पूजा पुरी केली आणि मग उठल्या.

हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं.

मित्रांनो, आता या वर्षीची गोष्ट ऐका.

गल्लीत सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. गल्लीतली पेवं तशीच राहिली तर रस्ता खचेल, म्हणून ती उघडायची आणि मुरूम टाकून बुजवायची असं ठरलं. पहिलं पेव आमचं. सकाळी चौघांनी पहारी लावून दगड सरकवला. आतून थंड, कडवट वास आला. एकानं मोबाईलचा उजेड आत मारला आणि म्हणाला, “काय न्हाय, चकाचक हाय.” दुसरा म्हणाला, “मंग उतर की, पाव्हण्या. जेवायला बोलावलंय तुला आत.” सगळे हसले. पण कुणी तोंडाजवळ थांबलं नाही. उद्या मुरूम टाकू म्हणाले आणि निघून गेले.

महांतेश मुरूम आणायला ट्रॅक्टर घेऊन गेला. शिवप्रियाची आई उमाबाई अंगणवाडीत मदतनीस, ती कामावर. लक्ष्मम्मा आत पूजेला बसल्या. ऐन दुपार. ऊन असं की कुत्रंसुद्धा गल्लीत नव्हतं. अंगणात शिवप्रिया एकटीच, ओसरीवर वही घेऊन.

“शिवा.”

तिनं मान वर केली.

“शिवा. बाळा.”

बापाचा आवाज तिनं कळत्या वयात कधी ऐकला नव्हता. तरी तिला तो कळला. वही पडली. ती पेवाजवळ येऊन ओणवी झाली.

“अप्पा?”

“व्हय गं. किती मोठी झाली असशील. अंधार हाय इथं. ये, हात दे मला.”

पण ती माणिकप्पांची नात होती, घरात ऐकलेलं ती विसरली नव्हती. ती पळत आली, मला खुंटीवरून काढलं, पेटवलं. गोठ्यातला जुना दोर काढला, तो पुरेना, म्हणून रहाटाचा दोर सोडून त्याला जोडला. आणि मला आत सोडलं.

पाच हात. सात हात. नऊ हात. त्या दिवशी मी इथंच थांबलो होतो. दहा. बारा. माझी ज्योत निळी पडून आखडली. आता विझणार, असं वाटलं. आणि तेवढ्यात ती पुन्हा सरळ झाली. कुणीतरी दोन्ही हातांनी आडोसा केल्यासारखी.

“आलास?” अंधार म्हणाला. “मागच्या खेपेला अर्ध्यातनंच गेलास.”

मी तळाला टेकलो आणि मला सिद्धाराम दिसला. कडब्याला पाठ लावून, गुडघे वर घेऊन बसला होता. तोच पांढरा बनियन. एक दिवसानंही मोठा झाला नव्हता. डोळे मिटलेले. त्याचे ओठ हलत होते आणि “शिवा, शिवा” अशी हाक येत होती. मित्रांनो, ओठ त्याचे होते, हाक त्याची नव्हती. म्हाताऱ्या बायका खरं सांगत होत्या.

“भिऊ नको,” खालची म्हणाली. “तुला मी विझवत न्हाय. तू नुसता जळत वर जा. तू जळतोस असं बघून पोर उतरंल. ती उतरली की हा वर जाईल. मी दोन ठेवत न्हाय. एक ठेवते, एक सोडते. आजवर सौदा मोडला न्हाय मी.”

ती खोटं बोलत नव्हती, हे मला कळत होतं. तीच भीती मोठी होती.

मी विचार केला. हा माणूस माझ्या भरवशावर उतरला होता. तो वर गेला तर लक्ष्मम्मांना लेक मिळेल, उमाबाईला कुंकवाचा धनी मिळेल. मला कुणी खोटा म्हणणार नाही. आणि मला खोटं बोलावंही लागणार नव्हतं. मी फक्त जळायचं होतं, जे कंदिलाचं कामच आहे. पण मी विझलो, तर हा इथंच राहणार. उद्या मुरूम पडणार. अकरा वर्षांपूर्वी मी चुकून त्याला आत लोटलं, आता जाणूनबुजून आत ठेवणार. कुठलंही केलं तरी एक जण माझ्यामुळं अंधारात.

वरून शिवप्रियाचा आवाज आला. “जळतोय... अप्पा, कंदील जळतोय!” ती रडत होती की हसत होती, कळेना.

आणि मला आठवलं, मागच्या वेळीही मी फक्त जळतच होतो. खोटं एक अक्षर बोललो नव्हतो.

दोराला हिसका बसला, मी उचलला गेलो, हेलकावलो. भिंतीतून एक दगड पुढं आलेला होता. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण माझी दांडी वाकडी आहे, मी लटकतो तोही तिरपा. दोराचा झोका त्या दगडाकडे गेला तसा मी माझा सगळा भार तिकडं टाकला. काच फुटली. ज्योत उघडी पडली आणि त्या मेलेल्या हवेत विझली.

सिद्धारामच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, एवढं मला शेवटच्या उजेडात दिसलं.

शिवप्रियानं मला वर घेतलं. माझ्याकडे बघत राहिली. “विझला,” ती पुटपुटली.

“फुटला म्हणून विझला गं,” खालून आवाज आला, अगदी मायेनं. “हवा बरी हाय. आत्ता जळत व्हता, तूच बघितलंस न्हवं? ये बाळा, मी दमलोय.”

मी हादरलो. मी फुटलो नसतो आणि नुसता विझलो असतो, तर तिला शंका उरली नसती. आता माझी साक्षही फुटकी होती. तिनं मला खाली ठेवलं. पेवाच्या कडेला बसली. एक पाय आत सोडला, बोटांनी खाच शोधली. मी ओरडत होतो, पण कंदिलाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

ते ऐकू आलं नाही. पण काच फुटलेली ऐकू आली होती.

दारात लक्ष्मम्मा उभ्या होत्या. अनवाणी. कपाळावरचं भस्म ओलं, डाव्या तळहातावर तसंच इष्टलिंग. अर्ध्या पूजेतून उठल्या होत्या. त्या पळाल्या. त्या वयात तसं पळताना मी कुणाला पाहिलं नाही. उजव्या हातानं त्यांनी नातीची वेणी मनगटाला गुंडाळली आणि मागं ओढली.

“सोड अज्जी! अप्पा हायेत खाली! सोड मला!”

“अव्वा,” पेवातून आवाज आला.

लक्ष्मम्मांनी पेवाकडं मान वळवली.

“अव्वा, त्या दिशी हाक मारली तवा तू उठली न्हायस. आज उठलीस. मंग आता तरी ये.”

त्या पुढं झुकल्या. मी पाहिलं, त्यांचं सगळं अंग त्या तोंडाकडं कलत होतं. वेणीवरची पकड सैल झाली. तळहातावरचं लिंग हललं. त्यांनी बोटं मिटून ते धरलं, आणि बोलल्या. आवाज नेहमीसारखाच, हळू.

“सिद्धू, मी आले न्हाय, ते माझं चुकलं. जन्माचं चुकलं. मला ने, मी न्हाय म्हणत न्हाय. पर तू माझा सिद्धू असलास, तर एक कर. ही तुझी लेक काठावर बसलीय. तिला बाप म्हणून काय सांगायचं, ते सांग.”

मग खालचीनं सुरू केलं, “ये, ये, शिवा ये, ये,” भराभरा, दाणे ओतल्यासारखं. आणि त्या सगळ्याच्या खालून, तोंडात माती भरल्यासारखा, घोगरा, दमलेला दुसरा एक आवाज आला.

“शिवा. घरात जा, बाळा.”

तिघंही आम्ही श्वास रोखून होतो. माझ्यात श्वास नव्हता, तरी.

“अव्वा... दोर पुरला नव्हता. दुसऱ्या कुणाला तरी पुरा दोर द्या.”

“देते, अप्पा,” शिवप्रिया म्हणाली. तिनं पाय वर घेतला होता. “मी देते. गावात कुणाचं बी पेव उघडलं तरी मी देते.”

खाली ज्वारी सरकल्यासारखा लांब आवाज झाला. त्यानंतर त्या पेवातून कधीच काही ऐकू आलं नाही.

महांतेश मुरूम घेऊन आला, तेव्हा दोघी एकमेकींना धरून तिथंच बसल्या होत्या.

“काका,” शिवप्रियानं विचारलं, “दोर पुरला नव्हता का?”

महांतेश मटकन खाली बसला. “सहा हात म्या तोडला व्हता. आदल्या दिशी. वासराच्या दाव्याला. बाजारातनं नवा आणू म्हटलं. अन् दादाला सांगायचं... ध्यानातच आलं न्हाय. आलं तवा उशीर झाला व्हता. अप्पानी कंदील भिंतीवर हाणला, अन् मी बघत उभा राहिलो.”

लक्ष्मम्मांनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, “तू दोर तोडला. म्या पूजा तोडली न्हाय. आन् दोघांनी मिळून ह्या मुक्याला खोटं ठरवलं. ऊठ. नवी काच आण. अन् दोर.”

दुसऱ्या दिवशी मुरूम पडायच्या आधी त्यांनी पेवात बेलाचं पान सोडलं. ते हेलकावत खाली गेलं. कुणी रडलं नाही. त्या दिवशी त्यांनी मोडलेली पूजा पुन्हा पहिल्यापासून केली. देवानं काही म्हटलं असेल, असं मला वाटत नाही.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. तुमच्या घरात आता कंदील नसेल, पेवही नसेल. तरी एवढं मागतो. अर्ध्यातून बघून कुणाला ‘उतर’ म्हणू नका. आणि दोर अपुरा आहे हे कळलं, तर सांगा. उशीर झाला असला तरी सांगा. मुक्या वस्तूवर टाकू नका.

काल पलीकडच्या आळीतल्या अयोध्याबाईंच्या दारातल्या पेवाचा दगड काढला. आज सकाळी ज्वारी काढायला माणूस उतरणार आहे.

आता नुकतं उजाडलं आहे. शिवप्रियानं माझी नवी काच ओढणीच्या पदरानं पुसली. नवा दोर तिनं स्वतःच्या हातानं मोजला आणि “माझा हात ल्हान हाय” म्हणत चार हात जास्तीचा ठेवला. आत लक्ष्मम्मा पूजेला बसल्या आहेत. पोरीनं दाराची कडी काढली, तसे त्यांनी डोळे उघडले, नातीच्या खांद्यावरचं दोराचं वेटोळं पाहिलं, आणि पुन्हा मिटले.

शिवप्रियानं पूजेतल्या अज्जीला हाक मारली नाही. मला दांडीला धरून उचललं आणि ती गल्लीत उतरली.